एक कमी सांगायचं

माझ्या एम.ए.च्या प्रबंधाची गोष्ट आमच्या घरात जेवणाच्या पानावर इतक्या वेळा सांगून झाली आहे, की माझ्या दोन्ही मुलांना ती माझ्यापेक्षा नीट येते. सांगता सांगता मी पाण्याच्या तांब्याकडं हात नेला की ती पुढचं वाक्य आपसूक पुरवतात, आणि पुरवतात ते बहुधा माझ्यापेक्षा बरं असतं. त्यांची एकच तक्रार आहे, की दर दिवाळीला गोष्टीतली घरं वाढत जातात. गेल्या खेपेला ती अडीचशेवर गेली, तेव्हा बायकोनं स्वयंपाकघरातून, आता सगळं सोलापूर मोजून संपेल, असा इशारा दिला. म्हणून ती एकदाची कागदावर उतरवून ठेवतो. घरं शंभर होती. आता मला स्वतःलाही यात फेरफार करता येणार नाही.

आप्पांचं, म्हणजे वडिलांचं, विणकरांच्या पेठेत रंगाचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं दोन खोल्या आणि परसात विहीर. सूत रंगवायचे रंग पत्र्याच्या गोल डब्यांतून यायचे, डब्यांवर परदेशी बायकांची चित्रं असायची, आणि आप्पा लाकडी चमच्यानं रंग काढून तराजूत घालायचे. कितीही धुतले तरी त्यांचे हात कधी स्वच्छ झाले नाहीत. हात पाहूनच आज कुठल्या रंगाला गिऱ्हाईक होतं ते आम्हाला कळायचं, आणि ताटातल्या भाकरीच्या पापुद्र्यावर निळं बोट उमटलेलं असलं तर ती आप्पांची भाकरी. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. ती अक्कलकोटच्या पलीकडची, त्यामुळं घरात कानडी आणि मराठी एकाच ताटात वाढली जायची. रागावली की कानडी, समजूत घालायची असली की मराठी. आजूबाजूची घरं सगळी तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची. पहाटे गिरणीचा भोंगा व्हायचा तो गिरणीतल्या कामगारांसाठी, पण घरी माग असलेले हे लोकही त्याच्यावरच उठत, आणि मग एकेका घरातून खट्टाक-खट्, खट्टाक-खट् असा जो आवाज सुरू होई तो दिवस मावळेपर्यंत. माझा सगळा अभ्यास त्या आवाजात झाला. पुण्याला बी.ए.साठी गेलो, तेव्हा पहिले आठ दिवस शांततेमुळं मला झोप लागली नव्हती.

बी.ए. झाल्यावर मी मुंबईला एक वर्ष टर्म भरल्या आणि प्रबंध लिहून एम.ए. करायचं ठरवलं. परीक्षेला बसण्यापेक्षा प्रबंध सोपा, असा माझा समज होता. परीक्षेत दुसऱ्यानं लिहिलेलं पाठ करावं लागतं, प्रबंधात आपल्याला ठाऊक आहे तेच लिहायचं. आपल्याला काय ठाऊक आहे याचा विचार केला, तर गल्लीतले विणकर सोडून काही आठवेना. तेव्हा सोलापूर येथील हातमाग विणकरांचे कौटुंबिक जीवन, असा विषय घेतला आणि घरी परतलो. मुंबईच्या आमच्या प्राध्यापकांना विषय फार आवडला. कामाचं क्षेत्र आमच्या उंबऱ्यापासून सुरू होतं आणि टांग्याची गरज नाही, हे खरं कारण मी त्यांना सांगितलं नाही.

विद्यापीठाचं नियमांचं एक पातळ पुस्तक होतं. ते मी पोथीसारखं जपलं होतं, अजूनही आहे. प्रबंध इंग्रजीत असावा, टाइप केलेला असावा, कागदाच्या एकाच बाजूला असावा, दोन ओळींत दुप्पट अंतर असावं, प्रती तीन असाव्यात, पुठ्ठ्याची बांधणी असावी, मार्गदर्शकांचं प्रमाणपत्र सोबत असावं, आणि हे सगळं ठरल्या तारखेला कचेरी बंद व्हायच्या आत पोचावं. शेवटी एक कलम होतं, की प्रबंधातला कोणता भाग आपल्या स्वतःच्या शोधाचा, कोणता दुसऱ्याकडून घेतलेला, आणि दिलेली माहिती आपल्या समजुतीप्रमाणे खरी आहे, असं उमेदवारानं लिहून सही करावी. हे कलम मी नीट वाचलंच नव्हतं. सही काय, शेवटी करायची असते.

उमेदवारानं बसावं कुठं, हे मात्र त्या पुस्तकात नव्हतं. मी रंगाच्या रिकाम्या खोक्यावर पाट ठेवून टेबल केलं होतं. गावातल्या वाचनालयात कादंबऱ्या भरपूर, माझ्या उपयोगाचं पुस्तक एकच, आणि तेही कुणीतरी नेऊन विसरलेलं. जिल्ह्याचं गॅझेटियर कलेक्टर कचेरीत होतं. त्यासाठी अर्ज करायचा, अर्ज मंजूर झाला की शिपायाच्या बाकावर बसायचं आणि त्याच्या डोळ्यांदेखत उतरवून घ्यायचं. शिपाई जेवायला गेला की गॅझेटियरही कपाटात जेवायला जायचं. खानेसुमारीचा, म्हणजे जनगणनेचा, अहवाल एका वकिलांच्या घरी मिळाला. तो त्यांनी ग्रामोफोनला उंची यावी म्हणून खाली घातलेला होता, त्यामुळं गाणं चालू असेतो मला थांबावं लागे. मुंबईच्या होस्टेलवरचा एक मित्र विद्यापीठाच्या ग्रंथालयातले उतारे हातानं लिहून पोस्टानं पाठवायचा. त्याचं अक्षर असं, की माझ्या प्रबंधात एका मोठ्या परदेशी पंडिताच्या नावावर जे वाक्य आहे, त्यातलं निम्मं माझं असावं अशी मला आजही शंका आहे. टायपिंगला कोर्टासमोरच्या लिंबाखाली बसणारे नाना होते. तीन प्रती म्हणजे मध्ये दोन कार्बन. पहिली प्रत ठसठशीत, दुसरी बरी आणि तिसरी चांगली नजर असलेल्या परीक्षकासाठी. नानांची हयात अर्ज टाइप करण्यात गेलेली, त्यामुळं प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी, मेहेरबानांनी एवढी कृपा केल्यास अर्जदार सदैव दुवा देईल, अशा अर्थाची इंग्रजी ओळ त्यांच्या बोटांतून आपोआप उतरायची आणि ती मला खोडावी लागायची. आज माझ्याकडं विद्यार्थी येतात आणि ग्रंथालयातला पंखा चालत नाही म्हणून काम अडलं म्हणतात, तेव्हा मी त्यांना हे सगळं सांगतो. ते ऐकून घेतात. पंख्याखाली बसूनच ऐकत असल्यामुळं त्यांच्यावर परिणाम होत नाही.

पहिली तारीख मी चुकवली होती. कशी चुकवली ते सांगण्यासारखं नाही. सहा महिने मी प्रस्तावनेतलं पहिलं वाक्य सुधारत होतो. तेव्हा आप्पा एवढंच म्हणाले, की पुढची तारीख शेवटची. ती साधली तर कॉलेजात मास्तरकी करावी, एका कॉलेजनं तसं कबूल केलंच होतं. नाही साधली तर दुसऱ्या दिवसापासून दुकानात बसावं. किल्ली त्यांनी खुंटीवर अडकवून ठेवली, अगदी माझ्या खोक्याच्या समोर. त्या किल्लीइतकं नेटानं माझ्याकडून कुणीच काम करून घेतलं नाही.

घरोघर न्यायला मी एक फॉर्म छापून घेतला होता. घर क्रमांक, मागांची संख्या, मोठी माणसं, मुलगे, मुली, असे रकाने. प्राध्यापकांनी बजावलं होतं, की संशोधकानं स्वतःचे पूर्वग्रह मध्ये आणू नयेत, सांगणारा सांगेल ते लिहावं. मी ते फारच मनावर घेतलं. ज्या गल्लीत मी उघड्या अंगानं विटीदांडू खेळलो होतो, त्या गल्लीत मी कोट घालून, डोक्याला काळी टोपी लावून, हातात फॉर्मांचा गठ्ठा घेऊन शिरलो. समोरच्या घरातल्या नरसम्मानं मागावरून मान वर करून पाहिलं आणि कोण मेलं म्हणून विचारलं. नरसम्मा माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, नवऱ्याच्या बरोबरीनं माग चालवणारी, आणि तिची पोरं आमच्या परसात आमच्याच शेंगा खाऊन मोठी होत होती. मी तिला गंभीरपणे नाव विचारलं. तिनंही पदर सावरून गंभीरपणे सांगितलं. मुलं किती, म्हणून विचारलं. चार, म्हणाली. मी चार लिहिलं, मान वर न करता. मान वर केली असती तरी पुरलं असतं.

अशी शंभर घरं झाली. सगळीकडं लोकांनी आदरानं बसवलं, पाणी दिलं आणि उत्तरं दिली. तक्ते मांडले, तेव्हा एक गोष्ट ठळक दिसली, की आमच्या विणकरांना मुलं कमी. इतर कारागिरांच्या मानानं, खानेसुमारीच्या मानानं, कशाच्याही मानानं कमी. प्राध्यापकांनी पत्रातून कारण विचारलं आणि मी हुरळून गेलो. चौतीस पानांचं चौथं प्रकरण मी त्यावर लिहिलं. माग घरातली जागा खातो, म्हणून कुटुंब आटोपशीर राहतं. बाई मागावर बसते, म्हणून तिच्या दोन बाळंतपणांत अंतर पडतं. असं एकावर एक मजला चढवत मी पार गच्चीवर जाऊन पोचलो. प्राध्यापकांचं उत्तर आलं, की हे प्रकरण तुमच्या प्रबंधाचा प्राण आहे. ते पत्र मी अव्वाला तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्या वेळी तिनं कानडीत विचारलं, भाकरी गार व्हायला लागली आहे, ते पत्रात लिहिलंय का.

नानांनी सगळं टाइप करून दिलं, तेव्हा तारखेला वीस दिवस होते. आता फक्त तपासायचं. माझी थोरली बहीण, गंगाअक्का, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि सातवीपर्यंत शिकलेली होती. मी मूळ तक्त्यातले आकडे वाचायचे आणि तिनं टाइप केलेल्या प्रतीत ते जुळतात का पाहायचं, असं आमचं दुपारचं काम चाललं होतं. तिच्यासमोर दह्याबरोबर धपाट्यांची चळत, कारण डोहाळे संपून दोन महिने झाले तरी ते संपले असं तिनं घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. अव्वा रोज सकाळी तिच्यावरून मीठमोहऱ्या उतरवून चुलीत टाकायची आणि त्याचा ठसका मला माझ्या खोक्यापर्यंत यायचा. मी एम.ए.चा उमेदवार, मी त्यावर एक-दोन शास्त्रीय शेरे मारायचो. त्या दुपारी नरसम्मा रंग न्यायला आली, ती अव्वाबरोबर शेंगा फोडत बसली. परसात तिची पोरं होतीच.

"माजं घर कुटं हाय त्यात?" तिनं विचारलं.

मी अभिमानानं एकेचाळीस नंबर काढला आणि वाचलं. माग दोन. मोठी माणसं तीन. मुलगे दोन, मुली दोन.

"बराबर," ती खूश होऊन म्हणाली. "तसंच सांगितलंय मी."

अक्कानं धपाट्याचा घास खाली ठेवला. ती परसाकडं बघत होती. मग तिनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. राजू, लक्ष्मी, सत्ती, व्यंकू, असं चार बोटांवर झालं, आणि पाचवं बोट तसंच धरून तिनं विचारलं, "आणि विहिरीवर चढतोय तो कुणाचा?"

"तो बी माजाच की," म्हणत नरसम्मानं आधी त्या पोराला तेलुगूत दोन शब्द सुनावून खाली उतरवलं, आणि मग अक्काचं बोट आपल्या मुठीत धरून खाली दाबलं. "पोटुशी बाई तू, आन पोरं मोजतीस व्हय? गप बस."

पोर माझ्या ओळखीचंच होतं, कालच त्यानं माझी दौत उलटी केली होती. मग मला चार का सांगितली, म्हणून मी विचारलं.

"तू कोट घालून आलातास की," नरसम्मा म्हणाली. तिला यात न कळण्यासारखं काय आहे तेच कळत नव्हतं. "लिवून न्यायला आल्याला मानसाला पुरतं सांगायचं नस्तंय. एक मागं ठिवायचं. दिष्टी लागती."

"मी परका आहे का, नरसम्मा?"

"तू न्हाईस रं. तुजा कागद परका हाय."

बाकीच्यांनीही असंच केलं असेल का, हे विचारायचा मला धीर होत नव्हता, पण ते तिनं न विचारता सांगितलं. समद्यांनीच, म्हणाली, कुणी एक मागं ठेवलं, कुणी दोन, कुणी नुसते मुलगे ठेवले. आणि इतका वेळ शेंगा फोडत बसलेली अव्वा एकदम हसायला लागली. ती इतकी हसली, की शेंगांचं सूप कलंडलं. खानेसुमारीचा माणूस आला होता तेव्हा तिनंही तेच केलं होतं. एकच लेकरू हाय, ही गंगी, असं तिनं त्याला सांगितलं होतं, आणि तो जाईतो मला रंगाच्या खोक्यात बसवलं होतं. "असल्याच," ती माझ्या टेबलाकडं बोट करून म्हणाली. म्हणजे मी ज्या अहवालाचा आधार ग्रामोफोनखालून ओढून काढला होता, त्या अहवालात मी स्वतःच नव्हतो. आणि एवढं सगळं ज्या घरात घडलं, त्याच घरात मीठमोहऱ्यांच्या धुरात बसून मी विणकरांना मुलं कमी का, यावर चौतीस पानं लिहिली होती.

दोन दिवस मी कुणाशी बोललो नाही. हुलग्याचं माडगं केलं होतं, ते मला फार आवडायचं, तेही मी निमूटपणे प्यायलो. चव लागली नाही असं म्हणवत नाही, लागली, पण बोललो नाही. हे कुणाला कधी कळणार नव्हतं. प्राध्यापकांना प्रकरण आवडलेलं, तीन प्रती तयार, परीक्षक मुंबईत, आणि त्यांच्यातला कुणी नरसम्माचं विहिरीवरचं पोर मोजायला येणार नव्हता. तिसऱ्या दिवशी मी ते शेवटचं प्रतिज्ञापत्र लिहायला घेतलं. माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे, इथपर्यंत आलो आणि थांबलो. समोर खुंटीवर किल्ली. अक्कानं लोडाला टेकल्या टेकल्या विचारलं, सही अडली की शाई वाळली. मी तिला म्हटलं, तारीख चुकली तर मी दुकानात बसेन, तुझं काय जातंय. ती म्हणाली, माझं काही जात नाही, पण गिऱ्हाइकांचा विचार करायला हवा.

आप्पा दुकानातून सगळं ऐकत असत आणि सहसा मध्ये पडत नसत. त्या दिवशी ते आत आले, हात जांभळे होते, आणि माझ्या खोक्यासमोर उकिडवे बसले. प्रबंध म्हणजे काय हे त्यांना नीट ठाऊक नव्हतं, पण रंग ठाऊक होता.

"हे बघ," ते म्हणाले. "रंग कच्चा आला, तर मी डब्यावर लिवतो, कच्चा. मग ज्याला न्यायचा त्यो नेतो. पक्का म्हणून मी आजपतुर दिला न्हाय."

मग तारीख पुढं ढकलू का, असं मी आशेनं विचारलं.

"तारीख तीच," म्हणून ते उठले.

सतरा दिवस राहिले होते. मी नरसम्माकडं गेलो आणि आता विचारू कसं ते तिलाच विचारलं. तिनं माग थांबवला नाही. धोटा इकडून तिकडं फेकत, दोन खट्ट्यांच्या मधल्या फटीत एकेक वाक्य बसवत तिनं मला जे शिकवलं, ते मला एकाही प्राध्यापकानं शिकवलं नव्हतं. पहिलं, कोट काढून ये. दुसरं, उभा राहू नकोस, मागापाशी खाली बस. तिसरं, किती, हा शब्द तोंडातून काढू नकोस. "कोन काय करतंय ते इच्चार," ती म्हणाली. "कांड्या कोन भरतंय, खळ कोन लावतंय, पाळना कोन हलिवतंय. कामाची नावं घ्यायला कुनाला भ्या नस्तंय. मोज तुज्या घरी जाऊन."

तसंच केलं. सदरा आणि धोतर, हातात शाळेची वही, फॉर्म नाही. रोज दहा घरं, एखाद्या दिवशी बारा. आणि ज्या घरांत कोट घालून गेलो तेव्हा पाच मिनिटांत बाहेर पडलो होतो, त्याच घरांत आता मला उठू देत नव्हते. कांड्यांवर सूत भरायला बसवलेल्या पोरी एका हातानं रहाट फिरवायच्या आणि दुसऱ्या हातातल्या दोरीनं धाकट्याचा पाळणा हलवायच्या. ती दोरी नीट धरली नाही म्हणून त्यांना रागावताना त्यांच्या आया मला प्रत्येकीचं नाव, तिचा हात कसा आहे, कुणाचं सूत तुटत नाही, कुणाचं दर घटकेला तुटतं, हे सांगायच्या. गल्लीत उभ्या ताणलेल्या सुताला खळ लावायला पहाटे कोणकोण धावतं, तर एकेका घरातून नावं निघायची आणि ती निघतच राहायची. मुलं कमी नव्हती. माग घरातली जागा खात असेल, पण मुलांवाचून तो एक दिवस चालला नसता. वही मी घरी आणून अक्कासमोर टाकायचो आणि ती लोडाला टेकून नावांपुढं टिंबं देत तक्ते करायची. तिनं मोजू नये, म्हणून नरसम्मानं आधी अव्वाला आणि मग मला बजावलं. शेवटी असं ठरलं, की अक्कानं टिंबं द्यायची आणि बेरीज मी करायची. त्या तक्त्यांचा शास्त्रीय पाया हा असा आहे.

एका घराबद्दल मात्र जेवणाच्या पानावर मी कधी सांगत नाही, इथं सांगतो. सत्तर नंबरच्या घरी नवरा-बायको दोघंच, चाळिशीच्या आसपासची. पहिल्या खेपेला त्या बाईनं मूल एक सांगितलं होतं. आता मी मागापाशी बसलो आणि कांड्या कोण भरतं म्हणून विचारलं. तिनं सांगितलं, मीच भरते. खळ लावायला कोण येतं, तर हे आणि मी. मग तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मला पुढचा प्रश्न विचारायचा होता तो मी विचारला नाही. खुंटीवर एक लहान अंगडं होतं. रंगवाल्याचा मुलगा असल्यामुळं मला कळलं, की त्याचा मूळ रंग गुलाबी होता आणि ते धुवून धुवून नाही, नुसतं उन्हानं विटलं होतं. मी तिनं दिलेलं पाणी प्यायलो आणि उठलो. तो एक आकडा कमी करायचा माझ्याच्यानं झाला नाही, आणि तो तसाच ठेवून सही करणंही शक्य नव्हतं. माझ्या प्रबंधात घरं नव्याण्णव आहेत. प्राध्यापकांना मी कळवलं, की एका घराची माहिती अपुरी राहिली.

चौथं प्रकरण मी पाच दिवसांत नव्यानं लिहिलं. पहिलं वाक्य सुधारायला वेळच नव्हता, त्यामुळं ते चांगलं झालं. जुन्यात विणकरांनी काय सांगितलं, नव्यात काय दिसलं, आणि मधला फरक का पडला, हे सगळं त्यात होतं. मी कोट घालून गेलो होतो हेसुद्धा. नानांनी ते टाइप केलं, पण नवं प्रकरण जुन्याहून सात पानांनी मोठं झालं आणि पुढच्या सगळ्या पानांवर नंबर आधीच पडलेले. मग नानांनी कोर्टातला तोडगा काढला आणि वाढीव पानांना एकशे एकवीस-अ, एकशे एकवीस-ब असे नंबर देत ते थेट ग-पर्यंत गेले. इतक्या घाईत त्यांच्या बोटांनी शेवटची ती दुव्याची ओळ टाकलीच. या वेळी मी ती खोडली नाही. बांधणीला कापड नरसम्माच्या नवऱ्यानं दिलं, त्याच्याच मागावरचं, गर्द आमसुली. आणि तिन्ही प्रती गाठोड्यात बांधायच्या आधी आप्पांनी त्या एकदा हातात घेऊन पाहिल्या, त्यामुळं दुसऱ्या प्रतीच्या पहिल्याच पानावर एक निळा अंगठा आहे. समासात आहे, नियमाच्या बाहेर नाही.

प्रतिज्ञापत्र मी गाडीत, बार्शीचा फाटा मागं पडल्यावर लिहिलं. माहिती खरी आहे, असं लिहिलं आणि हात अडला नाही. दुसऱ्याकडून काय घेतलं, या कलमात पुस्तकांची नावं संपल्यावर एक ओळ वाढवली, की घरोघर प्रश्न विचारण्याची पद्धत नरसम्मा, विणकर, सोलापूर, यांची आहे. सही केली. कचेरी बंद व्हायला अर्धा तास असताना मी खिडकीशी पोचलो. कारकुनानं प्रती मोजल्या, तीन. पूर्ण सांगितल्या, एकही मागं ठेवली नाही.

दोन महिन्यांनी परीक्षकांनी मला मुंबईला बोलावलं. दोघं होते, आणि बाजूला आमचे प्राध्यापक. त्यांचा प्राण मी काढून टाकला होता, त्यामुळं ते जरा गप्प होते. वयस्कर परीक्षकांनी माझी दुसरी प्रत उघडली, निळ्या अंगठ्याकडं पाहिलं, पान उलटलं आणि विचारलं, की या नरसम्माबाईंचा तुम्ही उल्लेख केला आहे, पण त्यांचं पुस्तक संदर्भांच्या यादीत नाही, ते कसं?

मी सांगितलं, की त्यांचं पुस्तक नाही, त्यांना लिहिता येत नाही. त्यांनी हे मागावर बसून सांगितलं, मी कोट काढल्यावर.

त्यांनी प्रत मिटली. मग दुसऱ्या परीक्षकांना म्हणाले, "आपण इतकी वर्षं कोट घालूनच फिरतो आहोत," आणि मला जायला सांगितलं. प्रबंध पास झाला. आप्पांनी किल्ली खुंटीवरून काढून कमरेला लावली आणि मला पेढे आणायला पाठवलं. नरसम्मानं पेढा खाल्ला आणि पदरात बांधून घ्यायला आणखी चार मागितले. मी पाच दिले. तिनं ते मोजले नाहीत.

तेव्हापासून मी एम.ए. आहे, विद्यार्थ्यांना घरोघर जाऊन माहिती कशी गोळा करावी ते शिकवतो, आणि दिष्टीबिष्टीवर माझा विश्वास नाही. हे वाक्य लिहीत असताना धाकटी माझ्या खुर्चीमागं येऊन उभी राहिली. तिनं हे प्रकरण पहिल्यापासून वाचून काढलं, माझ्या खांद्यावरून हात लांबवून पहिल्या पानावरच्या ‘दोन्ही मुलांना’ या शब्दांवर बोट ठेवलं, आणि आता ती विचारते आहे, की दादा आणि ताई झाले, मग मी कुठं आहे.